उंबरटेकचा उतार

मंगळवारी सकाळी आमच्या गावातला उतार संपला. मी रोजच्याप्रमाणे जीपच्या पुढच्या चाकाखालचा दगड काढला, आत बसले, किल्ली फिरवून दुसरा गियर टाकला, क्लच दाबून धरला आणि ब्रेक सोडला. जीप हलली नाही. मी थोडा वेळ तशीच बसून राहिले, कारण थंडीच्या दिवसांत उताराला उठायला कधीकधी उशीर होतो. मग बाटलीतलं पाणी खिडकीतून रस्त्यावर ओतलं. ते पडलं तिथंच गोल होऊन बसलं. इकडं सरकेना की तिकडं सरकेना. तेव्हा माझी खात्री झाली.

मी शेवंता. उंबरटेक ते तालुका अशी वडाप चालवते, म्हणजे जीपमध्ये माणसं भरते, हाका मारून आणखी भरते आणि मग निघते. जीप आमच्या ह्यांची. ह्यांचं नाव सर्जेराव, पण ह्यांना ऊन लागतं, वारा लागतो आणि उतारूंशी वाद घालायला आवडत नाही, म्हणून चालवते मी.

आमचं गाव टेकावर आहे. देवळापासून खालच्या ओढ्यापर्यंत एकच गल्ली जाते, आणि गावात जेवढ्या म्हणून गाड्या आहेत तेवढ्या संध्याकाळी त्या गल्लीत तोंड खाली करून, चाकाला दगड लावून उभ्या राहतात. सकाळी दगड काढायचा, गाडी घरंगळली की क्लच सोडायचा, इंजिन धरतं. इंजिनाला जागं करणारी जी मोटर असते तिला आमच्याकडं सेल्फ म्हणतात, आणि सेल्फ मारून गाडी चालू करणारा माणूस गावात उधळ्या समजला जातो. हा नियम माझ्या सासऱ्यांनी घालून दिला. त्यांचं नाव ज्ञानू, पण सगळा तालुका त्यांना सेल्फवाले आबा म्हणतो. घराच्या पुढच्या सोप्यात बसून त्यांनी आयुष्यभर लोकांचे सेल्फ दुरुस्त केले, आणि दुरुस्त करून दिला की प्रत्येकाला बजावलं, उतार असताना सेल्फ मारशील तर माझ्या दारात परत येऊ नकोस. सेल्फ ही मानाची वस्तू आहे आणि मानाची वस्तू उठल्यासुटल्या वापरायची नसते, असं त्यांचं म्हणणं. आमच्या जीपचा सेल्फ तर इतका मानाचा होता की मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो कुणी मारलेलाच नव्हता.

उतार मात्र रोज वापरला. प्रत्येक गाडी सकाळी घरंगळताना त्यातला थोडा घेऊन जायची. साबणाची वडी झिजते तसा तो झिजत होता आणि आम्ही सगळे बघत होतो. देऊळ पूर्वी ओढ्याच्या किती वर होतं ते म्हाताऱ्या बायका हात उंच करून दाखवायच्या. आता देऊळ आणि ओढा शेजारी शेजारी होते.

मी जीपमधून उतरायला गेले तर उतरता येईना. पाय बाहेर काढला की तो हवेत आडवाच राहायचा. शेवटी उडी मारली. उडीला उतार लागत नाही. पुढं किसनतात्यांची जीप उभी होती आणि तिच्यात पहाटेपासून चढून बसलेले उतारू तसेच होते. उडी मारणं त्यांच्या वयाला आणि धोतराला शोभणारं नव्हतं, त्यामुळे ते शांतपणे तंबाखू मळत बसले होते. त्यांच्यातल्या एका मावशींनी मला विचारलं, तालुका आला का. मी म्हटलं, अजून नाही. त्या म्हणाल्या, आला की सांग.

घरोघरी तीच तऱ्हा होती. चुलीवरचा चहा उतरवता येईना, म्हणून तो कढतच होता. घास तोंडात जायचा, पण गळ्याखाली उतरायचा नाही. छपरांना उतार राहिला नव्हता, कौलं सतरंजीसारखी पसरून पडली होती आणि तात्यांच्या तिरक्या टोपीने डोक्यावर सरळ बैठक मारली होती. एवढं होऊनही कुणाचा चेहरा उतरलेला नव्हता, कारण तेही जमत नव्हतं. सगळ्या गावाच्या नाकी नऊ आले होते आणि तरी गाव हसतमुख होतं.

मी मात्र घरात ह्यांच्या खाटेपाशी धावले. आमच्या ह्यांना रविवारपासून ताप होता. एरवी ह्यांचा ताप म्हणजे कौतुकाचा भाग जास्त. गोळी घेतली, पेज प्यायली, मी दोन शब्द बरे बोलले की संध्याकाळपर्यंत उतार पडतो. आज उतार पडायला उतारच नव्हता. शेजारच्या गोदाकाकू मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला आल्या, त्यांनी हात ओवाळला, पण दृष्ट उतरेना. मूठ तशीच वर धरून त्या दारात उभ्या राहिल्या.

मग दवाखान्यातल्या मोहिते नर्सबाई आल्या. बाई स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी ह्यांच्या काखेत नळी लावली, काढून उजेडात धरली, झटकली, पुन्हा बघितली.

"पारा चढतोय, उतरत नाही," त्या म्हणाल्या. "गोळीत काही खोट नाही, शेवंता. गोळी उतार पाडते. पण मुळात असेल तर पाडेल ना."

मी विचारलं, मग करायचं काय. त्यांनी सांगितलं, की ओढ्यापलीकडं अजून उतार आहे, तालुक्याच्या दवाखान्यात तर चांगला राखून ठेवलेला आहे, तिथं न्यायचं. आणि लवकर न्यायचं, कारण नळीत पारा चढायला थोडीच जागा उरली आहे. जागा संपली की पुढं काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला फार भीती वाटली. माणूस आळशी आहे, घोरतो, भाजीत मीठ कमी म्हणून रुसतो, पण माझा जीव आहे त्या माणसावर, आणि तो उशीवर लाल होऊन पडला होता.

जाता जाता नर्सबाई सोप्यातल्या आबांना म्हणाल्या, "आणि आबा, या उतारवयात तुम्ही असं दारात वाऱ्याला बसू नका."

आबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यांना जगात एकच शब्द सहन होत नाही आणि तो हा. मिशीला कलप लावतात, काठी वापरत नाहीत, चष्मा फक्त पेपराचा म्हणून सांगतात आणि उंबऱ्याला ठेच लागली तर उंबऱ्यालाच शिव्या देतात. गावातल्या कुणी नुसतं 'या वयात' असं म्हटलं तरी त्याच्याशी आठवडा आठवडा बोलत नाहीत.

"उतारवय आसंल तुझ्या बापाचं," ते भिंतीला म्हणाले.

आधी आम्ही जीपला धक्का मारून बघितला. किसनतात्या, त्यांचे दोघे भाऊ आणि मी. पण उतार नसलेल्या जागी धक्का मारला की गाडी जागेवर राहते आणि गाव सरकतं. आम्ही जोर लावला तसं देऊळ मागून पुढं यायला लागलं. मग तालीम आली. तिच्यामागून विहीर यायला लागली तेव्हा तात्यांनी हात वर केले. विहीर अंगावर घेण्यात अर्थ नव्हता. आम्ही थांबलो आणि घामाघूम होऊन एकमेकांकडं हसतमुखाने बघत राहिलो.

"सरा बाजूला," आबा म्हणाले.

ते सोप्यातून बाहेर आले होते. बाह्या वर केलेल्या, मिशीला पीळ दिलेला. त्यांनी बॉनेट उघडलं आणि आत असं बघितलं, जसं भांडण करून गेलेल्या भावाच्या दारात पुन्हा उभं राहावं. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी आधी बॅटरीची वायर सुटी केली. ही आधी काढायची, त्यांनी मला सांगितलं, नाहीतर पाना टेकेल तिथं दिवाळी. मग इंजिनाच्या कुशीत हात घातला, न बघता, आणि बोटांनी बोल्ट शोधले. ते गंजून बसलेले होते. आबांनी त्यांवर तेल सोडलं आणि त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण बोल्ट सुटले. सेल्फ बाहेर आला. काळा, जड, कोळ्यांनी भरलेला. आबांनी तो कलिंगड निवडताना धरतात तसा कानाशी धरला आणि बोटाने वाजवला.

"मान ठिवला त्याचा, म्हनून रागावलाय," ते म्हणाले. "बसून बसून हाडं धरल्यात. चल, आत चल."

सोप्यात पोतं अंथरून ते सेल्फ उघडायला बसले आणि तेव्हा घर लांबायला लागलं. यात नवल नव्हतं. उतार नसलेल्या जमिनीला आपण कुठं संपायचं ते कळत नाही. आबांनी मला मधल्या खोलीतून पाना आणायला सांगितला, तेव्हा ती खोली होती तिथंच होती. पॉलिश पेपर आणायला गेले तेव्हा चालावं लागलं. ब्लेडचा तुकडा आणून परत आले तेव्हा माझे पाय दुखत होते, आणि मागं वळून बघितलं तर ह्यांची खाट काडेपेटीएवढी दिसत होती. शेजारी नर्सबाई उभ्या होत्या, त्या काडीएवढ्या. ह्यांचं कण्हणं निघून माझ्यापर्यंत पोचायला वेळ लागत होता. मी तात्यांना आणि त्यांच्या भावांना म्हटलं, आत्ताच जा आणि खाटेसकट ह्यांना घेऊन निघा. जितका उशीर कराल तितकं घर वाढेल. ते पळत गेले. पळतानाही ते बराच वेळ दिसत होते.

आबांना कसलीच घाई नव्हती. मला आधी त्यांचा राग आला. मग मी त्यांचे हात बघितले आणि राग कुठं गेला ते कळलं नाही. लांब बोल्ट काढून त्यांनी सेल्फचं झाकण उघडलं. आतून काळी धूळ आली, ती फुंकली. मग आर्मेचर बाहेर काढलं, म्हणजे मोटरीच्या आतला फिरणारा गाभा. त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल असतो. तो काजळून गेला होता. आबांनी त्यावर पॉलिश पेपर गुंडाळला आणि तळव्यात धरून फिरवला, न दाबता, लहान मुलाची मान पुसावी तसा. काजळी गेली आणि तांबं उघडं पडलं. मग ब्लेडच्या टोकाने प्रत्येक दोन पट्ट्यांमधली फट कोरून काढली. एक झाली की फुंकर, दुसरी झाली की फुंकर. सोप्याची भिंत त्यांच्या पाठीमागून दूर जात होती, छप्पर लांबत होतं, आणि हा माणूस फटी कोरत होता. तांब्यावर त्यांच्या मिशीचा पीळ दिसायला लागला तेव्हा ते थांबले. मला त्यांचा असा अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. ते गालावर उतरलं नाही, डोळ्यांतच राहिलं.

"आता कार्बन," आबा म्हणाले.

कार्बन म्हणजे छोट्या काळ्या विटा. त्या तांब्याला टेकून राहतात आणि त्यांच्यातून वीज आत जाते. आमचे माझ्या लग्नाआधीच झिजून नखाएवढे झाले होते. नवे तालुक्यात मिळतात आणि तालुका सेल्फच्या पलीकडं होता. आबांनी विचार केला आणि टॉर्चचे सेल मागितले. सेलच्या पोटात कार्बनची कांडी असते. टॉर्च ह्यांच्या उशाखाली होती.

मी निघाले. वाटेत तात्या आणि भाऊ खाट घेऊन येताना भेटले, म्हणून अर्ध्यावरच काम झालं. उशी इतकी तापली होती की टॉर्च पदरात धरून ओढावी लागली. ह्यांनी डोळे उघडले.

"टॉर्च नेऊ नको," हे म्हणाले. "अंधार झाला तर?"

मी म्हटलं, अंधार व्हायच्या आत आपण तालुक्यात असू. ह्यांनी माझं मनगट धरलं आणि लगेच सोडलं, कारण मला चटका बसला. नर्सबाई खाटेबरोबर चालत होत्या. त्यांनी नळी माझ्यापुढं धरली. पाऱ्याच्या वर मुंगी कशीबशी मावेल एवढी जागा होती.

आबांनी सेल फोडले, कांड्या काढल्या आणि कानसेवर घासून त्यांच्या विटा केल्या. घासता घासता मला त्यांनी सांगितलं, की कार्बन मऊ हवा. कडक कार्बन घातला तर तो टिकतो आणि आर्मेचर खातो. कार्बनचं कामच झिजण्याचं आहे, त्यात रडण्यासारखं काही नाही. मग त्यांनी मला सेल्फच्या तोंडाशी असलेलं दातेरी चाक दाखवलं. अंगठ्याने पुढं ढकललं, सोडलं, ते झटकन मागं आलं.

"हे बघ. हे फुडं जातं, इंजिनाला हात देतं, इंजिन उठलं की मागं येतं. फुडं तर कुनीबी जातंय, पोरी. मागं येन्यात सगळी कारागिरी."

त्यांनी गाभ्याचा दांडा ज्यांत फिरतो त्या बुशांना तेलाचा थेंब दिला, स्प्रिंगा बसवल्या, कार्बन बसवले, झाकण लावलं. हात एकदाही थरथरला नाही. चहाचा कप धरताना थरथरतो, तेव्हा ते कपाला नावं ठेवतात. सेल्फ घेऊन आम्ही बाहेर आलो. आता सोप्यातून जीपपर्यंत जायला चांगलाच वेळ लागला, कारण अंगणही वाढलं होतं. तात्यांनी ह्यांना जीपच्या मागच्या बाकावर चढवलं. चढवायला काही अडचण नव्हती. नर्सबाई शेजारी चढल्या. आबांनी सेल्फ जागेवर बसवला, बोल्ट आवळले, वायरी लावल्या, बॅटरीची शेवटी. मग मला मान डोलावून इशारा केला.

मी किल्ली फिरवली. टक् असा आवाज आला आणि बाकी काही आलं नाही.

पुन्हा फिरवली. टक्.

आबा बॉनेटखाली कान लावून उभे होते. त्यांनी वायर हलवली नाही, बोल्ट बघितले नाहीत. ते सरळ झाले आणि हात पुसायला लागले.

"सेल्फ बेस झालाय," ते म्हणाले. "खरा उतरंना."

"म्हणजे काय आबा?"

"काम खरं उतराय बी उतारच लागतो. सपाटीवर कुटलंच काम खरं उतरत न्हाई."

गल्ली दोन्ही बाजूंनी लांबत चालली होती. किसनतात्यांच्या जीपमधले उतारू आता ठिपक्याएवढे दिसत होते आणि तंबाखूचा वास मात्र येत होता. घरं एकमेकांपासून सरकत होती. मी आमच्या दाराकडं बघितलं, ते मला सापडलं नाही. नर्सबाई मागून म्हणाल्या, की पारा टोकाला टेकला आहे.

आबा हात पुसतच होते. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. मिशीला पीळ द्यायला त्यांनी बोट वर नेलं आणि न देता खाली आणलं. मग जीपच्या मागच्या बाजूला गेले आणि नर्सबाईंसमोर उभे राहिले.

"बाई, मगाशी मला काय म्हनाला तुम्ही?"

"कुठं काय, आबा."

"माज्या वयाला काय म्हनाला?"

नर्सबाईंनी माझ्याकडं बघितलं. एरवी स्पष्ट बोलणाऱ्या बाई, आता नळीकडं बघत बोलल्या. "उतारवय," त्या म्हणाल्या.

"मग हाय का न्हाई गावात उतार?" आबा म्हणाले.

मला कळायला थोडा वेळ लागला आणि कळल्यावर मी जीपमधून उडी मारली. मी त्यांना नको म्हटलं. तुमचं काही उतारवय-बितारवय नाही म्हटलं, तुम्ही अजून ठणठणीत आहात, केस बघा, मिशी बघा, गावात कुणाची आहे अशी मिशी. वर्षानुवर्षं त्यांना जे ऐकायचं होतं ते सगळं मी एका दमात बोलले. ते ऐकत उभे राहिले. त्यांना बरं वाटत होतं, दिसत होतं मला. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मशीन तेलाचा वास असलेला.

"शेवंते, सेल्फ मी केलाय. पयल्या झटक्यात उचलनार. किती लागंल उतार? हातभर, दोन हात. बाकीचा माजा मला ऱ्हाईल."

"आणि नाही उचलला तर?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला विचारल्याची लाज वाटली.

त्यांनी मला बजावून सांगितलं, की आधी चाकाला दगड लाव, कारण हा उतार नवा आहे, कुणी वापरलेला नाही, एकदम खेचेल. तू आत बसलीस की दगड मी काढतो, मग गाडी सुटेल. सुटली की लगेच किल्ली मार. आणि इंजिनाने धरलं की ते ओढतं, मग खाली उतार लागत नाही, म्हणून उगीच घरंगळत बसू नकोस, तो गावाचा नाही, माझा आहे. मी दगड लावला. आत चढून बसले. गियर टाकला, क्लच दाबून धरला. आबा जीपच्या मागं जाऊन उभे राहिले, दोन्ही तळहात जीपच्या पाठीला लावले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"माजं उतारवय हाय."

गल्ली वाकली. माझ्या पायाखालून जमीन पुढच्या बाजूने खाली गेली, ओंजळीतलं पाणी सोडताना हात वाकतो तशी. जीप दगडावर रेलली आणि दगड करकरला. बाटलीत उरलेलं पाणी एका अंगाला झालं. आबा मागून पुढं आले, जीपचा आधार घेत, आणि तो आधार त्यांनी लपवला नाही. वाकले. दगड काढला.

जीप सुटली. असा उतार मी कधी चालवलेला नव्हता. गुळगुळीत, शांत, कुठं खड्डा नाही. आणि गल्लीच्या कडेने वस्तू ठेवलेल्या होत्या. आधी भिंतीला टेकवलेली एक काठी आली, नवी कोरी, अजून कुणी हातात न धरलेली. ती मागं गेली आणि आरशात बघितलं तर तिथं सपाट गल्ली होती, काठी नव्हती. मग जाड काचांचा चष्मा आला, घडी करून दगडावर ठेवलेला. तोही गेला. मग पुढं, थोडं खाली, उन्हात टाकलेली एक खुर्ची दिसली. खुर्चीवर घडी घातलेली घोंगडी, शेजारी बशी झाकलेला चहाचा कप. कुणीतरी निवांत येऊन बसायचं होतं तिथं. खुर्चीच्या पलीकडं धुकं होतं.

मी किल्लीला हात घातला.

"घाम आला," मागून नर्सबाई म्हणाल्या. "शेवंता, घाम आलाय ह्यांना. पारा सुटला."

मी मागं वळून बघितलं. ह्यांच्या कपाळावर थेंब उभे होते आणि एकेक करून खाली उतरत होते. चेहऱ्याचा लाल रंग निवत होता. ह्यांनी डोळे उघडले आणि कितीतरी दिवसांनी झोप झालेल्या माणसासारखं माझ्याकडं बघितलं.

"बरं वाटतंय गं," हे म्हणाले. "मस्त चाललीय. सेल्फ मारू नको. अशीच जाऊ दे."

ह्यांना माहीत नव्हतं आपण कशावरून चाललो आहोत ते. उताराच्या प्रत्येक हातामागं ह्यांच्या कपाळावरचा एक थेंब उतरत होता. खुर्ची जवळ आली. चहाची वाफ दिसायला लागली. ह्यांचा हात मागून माझ्या खांद्यावर आला आणि तो गार होता, किती दिवसांनी गार होता. मला तो तसाच हवा होता. चहा घरच्या कपात होता, कानाला चिरा गेलेल्या, आबांशिवाय तो कप कुणी घेत नाही.

मी किल्ली मारली.

सेल्फ खरा उतरला. दातेरी चाक पुढं गेल्याचं मला पायाच्या तळव्यांत कळलं, त्याने इंजिनाला हात दिला, उठवलं, आणि ते मागं आलं, इतक्या अलगद की मागं आल्याचा आवाज नुसता श्वास सोडल्यासारखा झाला. पहिल्या झटक्यात. मी मोठ्याने हसले. क्लच सोडला, इंजिनाने गाडी धरली, मी स्टेअरिंग जरासं वळवलं, आणि आम्ही खुर्चीच्या बाजूने, तिला न शिवता, पुढं गेलो. ह्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. तो आता गार होता की कोमट, ते मला सांगता येत नव्हतं.

मी आरशात बघितलं. जीपच्या मागं, खुर्चीपासून धुक्यापर्यंत, उतार अजून होता. त्याच्या वरच्या टोकाला, खुर्चीजवळ, आबा येऊन उभे होते, गल्लीत, गाडीसारखं तोंड खाली करून. त्यांनी हातातला चाकाचा दगड धोतराच्या सोग्याने पुसला, वाकले, आणि तो आपल्या पायांच्या अंगठ्यांपुढं नीट लावून ठेवला.